जवातली शेतं

"अजून झुकव, क्लाइव्ह! अजून! मला नुसता पंखच दिसतोय."

एनिड ऑक्सबी विमानाच्या उघड्या खिडकीतून खांद्यापर्यंत बाहेर आली होती. गळ्यात कॅमेरा, मांडीवर कागदी पिशवी. विमान वळायला लागलं की तिला हमखास उलटी व्हायची. जिल्ह्याच्या संग्रहालयात नोकरीला लागल्यापासून ती दर उन्हाळ्यात उडत होती आणि दर उन्हाळ्यात ओकत होती. क्लाइव्ह एरवी पिकांवर औषध फवारायचा. त्याला तिची सवय झाली होती.

"पिशवी भरली की सांगा, बाई," तो म्हणाला. "मागच्या वेळी खिडकी मलाच धुवावी लागली."

पण एनिडचं लक्ष नव्हतं. ते शहात्तर साल होतं. पाऊस असा पडलाच नव्हता. इंग्लंडातली ती एवढी मोठी ट्रेंट नदी पात्राच्या मधोमध आकसून वाहत होती, कुरणं करपून तांबडी झाली होती, लोक नळाच्या पाण्यासाठी रस्त्यात रांगा लावत होते. आणि खाली, कार्लबी गावाच्या अलीकडे, पिवळ्या पडलेल्या जवाच्या शेतात कुणीतरी हिरव्या शाईने नकाशा काढून ठेवावा तशा रेघा उमटल्या होत्या. मधून गुरांची वाट, दोन्ही बाजूंना विटा रचाव्यात तशी एकाला एक लागून लहान लहान शेतं, आणि वाटेच्या टोकाशी बांगड्यांसारखी दोन गोल वर्तुळं. ती घरांची.

जमिनीखाली जुना चर असला, तर तो बुजून शतकं लोटली तरी तिथली माती खोल राहते, ओल धरून ठेवते. बाकीचं पीक करपतं आणि चरावरचं मात्र थोडे दिवस हिरवं राहतं. तेवढ्या थोड्या दिवसांत कुणी वरून पाहिलं तर दिसतं, नाहीतर नाही. इतकी स्वच्छ खूण एनिडला उभ्या आयुष्यात दिसली नव्हती.

"दिसलं?" क्लाइव्हने विचारलं.

"दिसलं," ती म्हणाली, आणि मग तिला ओढ्याकाठचा लाल छपराचा गोठा दिसला. ते हॅलमचं शेत होतं. खडीच्या खाणीसाठी ज्या जमिनीवर अर्ज झाला होता, तीच ही जमीन. तिचा आनंद विमान दुसऱ्यांदा वळेपर्यंतही टिकला नाही.

तिच्या धंद्यातली गोमच ही होती. खडीवरची माती पातळ, लवकर सुकणारी. म्हणून खुणा तिथेच उत्तम उमटतात. आणि खडी हवी असणारेही तिथेच येतात. इतक्या वर्षांत तिने फोटो भिंगाखाली धरून जी जी गावं, जी जी शेतं कागदावर उतरवली होती, त्यांतल्या बहुतेकांच्या जागी आता खाणीच्या खड्ड्यांत पाणी साचून झालेली तळी होती. रविवारी तिथे लोक शिडाच्या होड्या फिरवायचे.

फोटो धुऊन आले तशी ती हॅलमकडे गेली. पर्सी हॅलम साठीचा, रुंद हाडाचा, हळू बोलणारा. त्याच्या आजोबांपासून हे घराणं या जमिनीवर कूळ होतं. मालकाने जमीन खाणीच्या कंपनीला द्यायचं ठरवलं तेव्हा पर्सीला ते शेजाऱ्याकडून कळलं होतं. बायको आयव्ही चहाच्या टेबलावर मांसाचं सारण भरून भाजलेला ‘मीट-पाय’ कापत होती.

पर्सीने फोटो उलटा धरला. "काय हे? कुणाच्या छातीचा एक्स-रे आहे का?"

"तुमचं शेत आहे, मिस्टर हॅलम. विमानातून."

त्याने फोटो फिरवला, लांब धरला, जवळ घेतला. "अगं आयव्ही, हे बघ, आपलं डबकं! आणि हा गोठा... पण ह्या रेघा कुणी मारल्या?"

"तुमच्या आधी जे इथं शेती करत होते त्यांनी. रोमन आले त्याच्याही आधीपासून."

"माझ्या आजोबाच्या आधी इथं क्रॅबट्री होता. महा आळशी माणूस. इतकी सरळ रेघ त्याच्या बापजन्मी जमली नसती."

आयव्ही हसली नाही. तिने सुरी खाली ठेवली. "म्हणजे दोन हजार वर्षांची शेतं आहेत ही? मग आता खाण होत नाही. कसं खणू देतील? हो ना, बाई?"

अशा वेळी काय होतं ते एनिडला ठाऊक होतं. दरवेळी काय झालं होतं, हेही ठाऊक होतं. पण आयव्हीचा चेहरा इतका उजळला होता की तिच्या तोंडून निघालं, "बघू या. अर्जावर सुनावणी होईल, तिथं मी सांगेन सगळं."

"बघ पर्सी, मी म्हणत नव्हते?" आयव्ही म्हणाली, आणि तिने एनिडच्या ताटात मीट-पायचा मोठा तुकडा वाढला. एनिड काट्याने त्याचे बारीक तुकडे करत राहिली.

कापणी झाली. कंपनीचं प्रकरण चालू असल्यामुळे यंदा पेरायचं की नाही हे पर्सीला कुणी सांगत नव्हतं. तरी त्याने ते शेत नांगरलं, एनिडसाठी. नांगरटीत खापरं वर येतात असं ती म्हणाली होती. सप्टेंबरात एकदाचा पाऊस सुरू झाला आणि मग थांबायचं नावच घेईना. त्या पावसात दोघी बायका वाकून वाकून शेतभर हिंडल्या. आयव्हीला एक काळपट खापर सापडलं, भांड्याच्या काठाचं. काठावर नखांनी नक्षी उमटवलेली होती. आयव्हीने ते स्कर्टला पुसलं आणि त्या खाचेत आपलं नख बसवून पाहिलं.

"बाईमाणसाचं नख आहे हे," ती म्हणाली.

"असेल."

"असेल काय? आहे. पुरुष कशाला एवढं नटवत बसेल?"

सुनावणी गावच्या हॉलमध्ये झाली. सरकारी अधिकारी टेबलामागे, कंपनीचा वकील डावीकडे, गावकरी घडीच्या खुर्च्यांवर. एनिडने भिंतीवर आपला नकाशा लावला आणि सगळं नीट सांगितलं. तिचा आवाज लहान होता, मागच्यांनी दोनदा "मोठ्याने!" म्हटलं. वकील उठला तो अगदी सौजन्याने.

"मिस ऑक्सबी, आज आपण सगळे त्या शेतात गेलो, तर आम्हाला काय दिसेल?"

"आज? आज काही नाही दिसणार."

"काहीच नाही?"

"पाऊस पडलाय. खुणा गेल्या."

मागे कुणीतरी हसलं. वकील हसला नाही. "मॅन्सफिल्डच्या संग्रहालयातून आज आपण नव्या रस्त्याने आलात का?"

"हो."

"त्या रस्त्यावरची खडी कुठली, कल्पना आहे?"

एनिडला कल्पना होती. ज्या खाणीतून ती खडी आली होती तिथल्या शेतांचा नकाशाही तिनेच काढला होता. "आहे," ती म्हणाली, आणि त्याने तिला पुढे काही विचारलं नाही.

शेवटी अधिकाऱ्याने कुणाला आणखी काही सांगायचं आहे का असं विचारलं. पर्सी उभा राहिला. टोपी हातात चुरगळत त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चांगली जमीन आहे ती," आणि बसला.

नव्या वर्षात निकाल आला. खाणीला परवानगी. खणायच्या आधी संग्रहालयाच्या लोकांना आत जाऊ द्यावं, कामात अडथळा येऊ न देता, अशी अट. बातमी सांगायला एनिड स्वतः गेली. पर्सी गोठ्यात होता. आयव्ही दारातच उभी राहून ऐकत होती.

"मग ते फोटो कशाला काढले, बाई?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"निदान... इथं कोण राहत होतं, ते तरी कळेल."

बोलता बोलताच एनिडला वाटलं, डॉक्टरने मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन रोगाचं नाव सांगावं तसं आपण बोलतोय. आयव्हीने मान हलवली आणि चहाचं आधण ठेवलं. एनिडला ती चार शब्द रागाने बोलली असती तर बरं वाटलं असतं.

वसंत लागला तो चिखलातच. एनिडच्या हाताखाली दोन विद्यार्थी आणि बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून आलेली काही माणसं. खणलं की पाणी भरायचं. बादलीने उपसलं की पुन्हा भरायचं. तरी एका जागी त्यांनी चर आडवा कापला. पर्सी बघायला आला. दूध काढायचं काम उरलं नव्हतं. गाई लिलावात गेल्या होत्या.

एनिडने थापीच्या टोकाने मातीतले पट्टे दाखवले. "हा पहिला चर. तो गाळाने भरला, मग कुणीतरी पुन्हा साफ केला. हे बघा. मग पुन्हा. पिढ्यान्‌पिढ्या."

"साफ करावाच लागतो," पर्सी म्हणाला. "एक वर्ष हयगय केली की गेला."

"आणि मग इथं, वर, ही सगळी निळसर चिकणमाती. पुराची. यानंतर कुणी साफ केला नाही."

"का?"

"गेले इथून."

"कुठं?"

"ते मातीवरून सांगता येत नाही, मिस्टर हॅलम."

पर्सीने वाकून त्या निळसर पट्ट्यावर बोट टेकवलं. "गुरं तरी बरोबर नेली असतील ना?"

एनिडने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "नेली असतील," ती म्हणाली.

मार्चअखेर हॅलम जोडपं जवळच्या न्यूअर्क शहरात नगरपालिकेच्या बंगलीत राहायला गेलं. एनिडने जेवढं कागदावर घेता येईल तेवढं घेतलं. एका घराचं वर्तुळ मोकळं करता आलं, दुसऱ्याला हातही लागला नाही. वाट अर्धीच राहिली. मुदत वाढवून मागणारी तिची पत्रं कुणीतरी वाचली असावीत. उत्तरं सभ्य होती.

खाणीचं खणायचं यंत्र आलं त्या सकाळी ऊन पडलं होतं. एनिड शेताच्या फाटकाशी उभी होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी घरी बसवलं नव्हतं. एवढ्यात रस्त्यावर बस थांबली आणि पर्सी उतरला. अंगात कोट, गळ्यात टाय. सुनावणीतही त्याने टाय बांधला नव्हता.

"आयव्ही नाही आली," तो म्हणाला. "डोकं दुखतंय म्हणाली."

दोघं शेजारी उभे राहिले. यंत्राचं पिवळं लोखंडी फावडं अजून वरच होतं. चालवणारा गावातलाच, टेरी मॉल्टबी, लहानपणी पर्सीकडे बटाटे काढायला यायचा. त्याने पर्सीला पाहिलं आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून तो फाटकाशी आला. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"मिस्टर हॅलम, मी नाही आलो तर दुसरं कुणी येणार."

"ठाऊक आहे रे."

"कंपनीवाले म्हणतात, इथून फाटकापासूनच सुरू कर." टेरी जमिनीकडे बघत होता. "तुम्ही सांगा. कुठून करू?"

एनिडला वाटलं, आता म्हातारा रडेल, किंवा शिवी देईल. निदान पाठ फिरवून निघून जाईल. पर्सीने डोळ्यांवर हात धरून शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, पेरणीच्या आधी माणूस पाहतो तसं.

"फाटकापासून नको," तो म्हणाला. "इथं खाली ओल आहे, चाकं रुततील तुझी. त्या वरच्या कोपऱ्यातून घे, आणि उताराने खाली ये."

टेरीने मान डोलवली आणि तो यंत्राकडे परत गेला. यंत्र शेताच्या कडेकडेने वरच्या कोपऱ्याकडे निघालं. ते बरोबर जागी पोचेपर्यंत पर्सी हात उंच करून त्याला दाखवत राहिला, अजून थोडं पुढे, अजून थोडं.