वाढत्या अंगाचा गाऊन

राहत नावाची बाई पुण्याहून आली आणि तिनं सोलापुरात, गणवेशवाल्यांच्या गल्लीत, नवरीच्या कपड्यांचं बुटीक टाकलं. गॉगल लावूनच ती झाडू मारायची. गल्लीतली रहदारी त्यामुळं मंदावली.

समोरच्या महेश्वर टेलरनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "दोन महिन्यांत शटर खाली येतंय बघा."

"मी जात नसते, मास्तर," राहत रस्त्यापलीकडून म्हणाली. मास्तरांनी पान थुंकायचं ठरवलं होतं, ते गिळलं.

उद्घाटनाच्या दिवशी तिचा घालायचा, टिकल्यांचा लाल गाऊन बाहेर वाळत होता. गल्लीतल्या म्हाळसाबाईंच्या शेळीनं तो कमरेपर्यंत खाल्ला. शेळी उरलेला दिवस चकाकत फिरली.

राहत कापड घेऊन मास्तरांच्या दुकानात शिरली. "संध्याकाळी गाऊन पाहिजे. नाहीतर गल्ली म्हणेल, उघडायच्या आधीच बंद पडलं."

"मी शाळेचे गणवेश शिवतो. दुसरं काय येत न्हाय."

"मग गणवेशासारखा शिवा."

मास्तरांनी पंख्याकडं बघत मापं घेतली. पंखा बंद होता, पण त्यांना घाम फुटला होता तो त्यामुळं नव्हे.

संध्याकाळी गाऊन तयार झाला. देखणा होता. फक्त डाव्या छातीवर खिसा होता.

"हा कशाला?"

"पेन ठेवाय."

"आणि खाली आत हे वीतभर कापड दुमडलंय?"

"वाढत्या अंगाचं. पोरी वाढत्यात. दोन वर्षांनी उसवून सोडायचं, लांबी मिळती."

"मी एकतीस वर्षांची आहे, मास्तर."

"सवय हाय. हात आपोआप दुमडतो."

राहतनं गॉगल वर केला. "दुकान दोन महिन्यांत बंद, आणि कापड दोन वर्षांचं?"

मास्तरांनी जोरात मशीन चालवली. सुईत दोरा नव्हता.

राहत तोच गाऊन घालून, खिशात पेन लावून फीत कापायला उभी राहिली. गल्ली हसली. तिनं पेन काढलं आणि हसणाऱ्यांतल्या पहिल्याच बाईला विचारलं, "मुलीचं लग्न कधी? लिहून घेते." त्या म्हाळसाबाई होत्या; त्यांचं हसू थांबलं. त्यांनी तारीख सांगितली. वर म्हणाल्या, "खिसा पाहिजे हं तिलापण."

"काय मास्तर," कुणीतरी ओरडलं, "दोन महिन्यांचं काय झालं?"

महेश्वर कात्री घेऊनच दारात आले.

"उसवाय दोन वर्षं हायत अजून. तोवर कोण शटर पाडतंय बघतो की!"

मग आत जाऊन त्यांनी सुईत दोरा ओवला. चौथ्या खेपेला गेला.