तिसऱ्या तक्रारीचा कागद

"घ्या, फुगलं परत! सकाळी सकाळी तोंड वाकडं करायची हौसच आहे याला," नोंदवहीवाल्या बाई पुटपुटल्या. त्या स्कॅनरला बोलत होत्या. पण स्कॅनरच्या मागे, भिंत आणि यंत्र यांच्यामधल्या हातभर जागेत छोटी केबल चाचपत बसली होती आणि बाईंचं तोंड तिच्या कानाशी होतं, त्यामुळे ते तिला आपल्यालाच ऐकवल्यासारखं वाटलं.

छोटी त्रेचाळीस वर्षांची होती. तिला छोटी म्हणणारे या कचेरीत खरं तर एकटे नकाशेदार मामाच. त्यांचं ऐकून बाकीच्यांनी ते नाव उचललं होतं. मामांना मात्र सगळी कचेरीच मामा म्हणायची. सख्खी भाची तेवढी ती एक. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीकडून ती आली होती, महिन्याभरात तिसऱ्यांदा.

कचेरी पाणीपुरवठ्याची. शहराच्या पोटात कुठून कुठला नळ गेलाय, कुठे व्हॉल्व्ह आहे, हे सांगणारे नकाशे इथे निघत. नकाशा स्कॅन करायचा, तो नेटवर्कवरच्या भांडारात जाऊन बसायचा आणि रस्त्यावर खणणारी माणसं तो फोनवर उघडून पाहायची. आता स्कॅनर कागद ओढून घेई, दिवा फिरवून मन लावून वाची, आणि एवढं सगळं झाल्यावर पडद्यावर लिही, 'फाइल जतन करता आली नाही.' एखाद्या हुशार मुलाने पेपर पूर्ण सोडवावा आणि वर्गातून बाहेर पडताना तो खिडकीतून टाकून द्यावा, तसं.

पहिल्या खेपेला छोटीने केबल बदलली होती. दुसऱ्या खेपेला स्कॅनरमधला भांडाराचा पत्ता पुन्हा भरला होता. दोन्ही वेळा स्कॅनर चालू झाला. दोन्ही वेळा तिने मामांना शेजारी बसवून त्यांचा पासवर्डही स्कॅनरमध्ये नव्याने टाकून घेतला होता. हे मात्र तिने कामाच्या कागदावर लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेचा कागद वेगळा असतो. एकच तक्रार तीनदा आली की 'मूळ कारण' असा रकाना भरावा लागतो, विभागाच्या मॅडमची सही घ्यावी लागते आणि तो कागद मुख्य कचेरीत जातो. रकाना तळहाताएवढा होता.

छोटीने पुन्हा सगळं तपासलं. केबल ठीक. नेटवर्क ठीक. भांडारात अर्ध्याहून जास्त जागा रिकामी. मग तिने सर्व्हरची नोंद उघडली आणि ती तारखेनुसार वाचत गेली.

या कचेरीत एक रीत होती. नकाशेदाराच्या शिक्क्याशिवाय नकाशा कपाटात जायचा नाही. स्कॅनर आला तेव्हा शिक्क्याचं काय करायचं, यावर दोन बैठका झाल्या, आणि ठरलं की स्कॅनरने मामांच्या नावाने आणि मामांच्याच पासवर्डने भांडारात शिरायचं, म्हणजे प्रत्येक फाइलीवर आपोआप त्यांचं नाव येईल. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत स्कॅनरला स्वतःचं साधं खातं असतं. इथे यंत्र मामांचा हात धरून आत जायचं.

आणि मामांचं खातं जवळजवळ रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बंद होत होतं. स्कॅनरला जुना पासवर्ड ठाऊक. तो पाचदा दार ठोठावी, सहाव्यांदा सर्व्हर कडी लावून घेई. कारण आदल्या दिवशी पासवर्ड बदललेला असे. महिन्याभरात एकोणीस वेळा. एका दुपारी चार वाजता बदलला होता, आणि सव्वाचारला पुन्हा. सगळे बदल मामांच्या टेबलावरून झालेले.

"बाई, मामा पासवर्ड का बदलतात हो?" तिने हळूच विचारलं.

"बदलत असेल आपोआप."

"आपोआप नाही बदलत."

"तुला काय माहीत? यंत्राचं काही सांगता येतं का?" बाईंनी नोंदवही मिटली. पण शेवटच्या पानावरचे एकाखाली एक लिहिलेले आणि एकाखाली एक खोडलेले बारा-तेरा पासवर्ड छोटीला दिसले होतेच. अक्षर बाईंचं होतं.

तेवढ्यात मामीचा फोन आला. छोटी जिन्यात गेली.

"सापडला का गं बिघाड? स्कॅनरचाच आहे ना?"

"बघतेय मामी."

"स्कॅनरचाच असणार. डोकं खातो नुसतं त्यांचं, म्हणून घरी आले की गप्प गप्प असतात. परवा आमच्या जुन्या घराच्या स्टॉपवर उतरले. दीड तास तिथल्या फाटकाशी उभे. बसच चुकीची होती, दुसरं काय."

"हो," छोटी म्हणाली. बसलाही स्कॅनरच्या रांगेत उभं केलेलं पाहून तिला हसू येणार होतं, पण आलं नाही.

मॅडमनी तिला केबिनमध्ये बसवलं आणि दार लोटून घेतलं. "लिहून टाक ना, यंत्र जुनं झालंय."

"चार वर्षांचं आहे मॅडम."

"चार वर्षं काय कमी झाली? माणसं नोकऱ्या सोडतात चार वर्षांत."

"नवा स्कॅनर आणला तरी तोही हेच करणार. स्कॅनरला वेगळं खातं दिलं की पाच मिनिटांत मिटेल. पण मामांचं नाव का काढलं, ते लिहावं लागेल."

मॅडमनी टेबलावरचा कागद सरळ केला. तो आधीच सरळ होता. "दहा महिने राहिलेत त्यांचे. मुख्य कचेरीत भलतंसलतं काही वाचलं, तर दुसऱ्या दिवशी तपासणीचं पत्र येईल. डॉक्टरांचं. मग नकाशाघराच्या किल्ल्या काढून घेतील आणि घरी बसवतील. एकतीस वर्षं तिथे बसलाय तो माणूस. तूच सांग."

वडील गेल्यावर याच माणसाने छोटीला या नकाशाघरात शेजारी बसवून शाळेचा अभ्यास करायला लावला होता. बिघडलेला टेबलफॅन तिच्यासमोर टाकून "खोल, घाबरू नकोस, आधीच बिघडलाय," असंही हेच म्हणाले होते. तिचं पोट आज ज्या विद्येवर भरत होतं, ती त्या फॅनपासून सुरू झाली होती. तिने पेन उघडलं आणि रकान्यात 'यंत्रा' एवढं लिहिलं.

बाहेर आरडाओरडा झाला. खोदकामाचा मुकादम गुडघ्यापर्यंत चिखलात माखून थेट नकाशाघराशी आला होता. लादीवर त्याच्या बुटांचे ठसे उमटले होते.

"मामा, दोन दिवस खणतोय! नळ नाही, काही नाही! रस्ता उघडा पडलाय, वर लोक शिव्या देतायत!"

"असं कसं होईल?" मामा चष्मा कपाळावर ढकलत उठले. "शाळेच्या फाटकापासून अकरा पावलं, मग डावीकडे. झोपेत विचारलं तरी सांगेन."

"अकरा पावलंच खणलं. तुम्ही फोनवर सांगितलंत तसंच. भांडारात नवा नकाशाच दिसेना, म्हणून तर तुम्हाला विचारलं."

"ऐकलंत?" नोंदवहीवाल्या बाई लगबगीने पुढे आल्या. "भांडारात गेलाच नाही ना नकाशा! सगळा या मेल्या यंत्राचा घोळ." आणि कचेरीतल्या साऱ्या माणसांनी स्कॅनरकडे पाहिलं. स्कॅनरने हिरवा दिवा लावून शांतपणे सगळ्यांकडे पाहिलं.

छोटीने स्कॅनरच्या ट्रेमधला गठ्ठा उचलला. जतन न झालेले कागद तिथेच पडून होते. वरून चौथा शाळेच्या गल्लीचा निघाला. नळ पाच आठवड्यांपूर्वी रस्त्याच्या पलीकडे हलवला होता. काळ्या शाईची जुनी रेघ खोडून लाल शाईने नवी ओढलेली, कोपऱ्यात व्हॉल्व्हची बारीक चौकट. तिने तो टेबलावर पसरला.

मुकादम वाकला. "घ्या! हा तर पलीकडच्या फुटपाथखाली आहे."

मामाही वाकले. त्यांनी लाल रेघेवरून बोट फिरवलं, वळणाशी जरा रेंगाळले, आणि मान डोलावली.

"सुबक काम आहे," ते म्हणाले. "हात चांगलाय. कोणी काढलाय?"

मॅडम केबिनच्या दारात उभ्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. बाईंनी नोंदवही छातीशी धरली. मुकादमाला बिचाऱ्याला या कचेरीतलं काही ठाऊक नव्हतं.

"चेष्टा करता का मामा? खाली तुमची सही आहे की."

मामांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. सही पाहिली. तारीख पाहिली. मग कागद हातात उचलून उजेडाकडे धरला, जणू सहीच्या मागे दुसरं कोणी लपलं असेल.

"त्याचं काय झालं मुकादम," बाई घाईघाईने म्हणाल्या, "नकाशे किती असतात रोज! कुणाच्याही लक्षात राहणार नाही. त्यात हे यंत्र..."

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "छोटी, तू लिही बघू. यंत्राचा बिघाड. मी सही करते, दे इकडे."

छोटीच्या हातात तक्रारीचा कागद होता, पेनही होतं. तिने मामांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसले, सावकाश, खुर्ची जागेवर आहे की नाही हे हाताने आधी चाचपून. नकाशा त्यांनी मांडीवर घेतला आणि त्याच्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवून तो सपाट केला. मुकादमाने फोन काढून नकाशाचा फोटो घ्यायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

"नको लिहूस ते, छोटे," मामा म्हणाले. "यंत्राला काही झालेलं नाही. विसरतोय मी."