साळूबाईंना मिळालेली माफी

“तंबाखू न्हाई, दारू न्हाई, मग ह्यांच्या घशात कॅन्सर आला कुठनं?” साळूबाईंनी सांगलीच्या दवाखान्यात विचारलं.

“विषाणूमुळे,” डॉक्टर समीक्षा म्हणाल्या. “पण त्यातच एक बरी गोष्ट आहे. पेशीत झालेली मोडतोड पेशी स्वतःच दुरुस्त करते. तीच सोय हा विषाणू बिघडवून ठेवतो. त्यामुळे किरणांचा मार बसला की ही गाठ स्वतःला सावरू शकत नाही. काका बहुतेक बरे होतील.”

“आन ह्यो इषाणू येतो कुठनं?”

“शरीरसंबंधातून. कधी कधी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचाही असतो. कुणाकडून आला ते कळत नाही, आणि शोधूही नये.”

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले हंबीरराव खाली बघत बसले होते. पलूसला घरी परतताना एसटीत मात्र त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, “मी लेहला हुतो तवा मळ्यात कोण कोण येत हुतं?”

नवरा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. अंथरुणाला खिळलेली सासू, कडेवर पोर आणि उसाला पाणी, यातच साळूबाईंचं तरुणपण सरलं होतं. त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

किरणांचे शेक सुरू झाले तसा हंबीररावांचा घसा आतून सोलून निघाला. साळूबाई भाताची पेज गाळून, कोमट करून चमच्यानं भरवायच्या. दरवेळी तोंड उघडण्याआधी ते नजर भिंतीकडं वळवायचे. त्यांच्याबरोबर शेक घेणारा तंबाखू खाणारा आकाराम दिवाळीआधीच गेला. हंबीररावांची गाठ मात्र विरघळली.

गावानं त्यांचा सत्कार केला. यमाईच्या कृपेचं आणि फौजी छातीचं कौतुक झालं. घरी येऊन ते जेवायला बसले. कित्येक महिन्यांनी पुढ्यात भाकरी होती.

“साळू,” ते म्हणाले, “झालं गेलं. मी तुला माफ केलंय.”

परातीतला साळूबाईंचा हात थांबला. मग त्यांनी चूल विझवली, हात धुतले.

“आवं, सुट्टीचे दिस सोडले तर बाकीचं वरीस तुमी कुठं कुठं हुता, मी कवा इचारलं का? आता इचारते. सांगा.”

हंबीररावांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला. तो कुठंही न अडता खाली उतरला.

साळूबाईंनी आपलं ताट वाढून घेतलं आणि पडवीत जाऊन त्या एकट्याच जेवू लागल्या.