जडपीस

मी एक खेळ आहे, मित्रांनो. मोबाइलवरचा, आणि आता जुना. ज्या मोबाइलमध्ये मी राहतो त्याची काच तडकलेली आहे आणि तो चार्जरच्या गुंत्याखाली एका खणात पडून असतो. खोटं कशाला बोलू, मी कडवट झालो आहे. गोड बोलणारे खेळ तुमच्याकडे पुष्कळ असतील.

मला एका बहीणभावाने घडवलं. ताई शाळेत विज्ञान शिकवायची. काय किती वेगाने पडेल, कुठे घसरेल, ते तिने ठरवलं. भाऊ चित्रं काढायचा आणि प्रोग्राम लिहायचा. घाईघाईत तो काहीतरी विसरायचाच, म्हणून ताई त्याला धांदरट म्हणायची. जेवणाच्या टेबलावरची भाजीची सालं बाजूला सारून दोघं कामाला बसायची. माझ्यात एक जादूचा गोळा होता. बोट टेकवलं की त्याचा दगड व्हायचा, पुन्हा टेकवलं की पीस, आणखी एकदा टेकवलं की पाणी. दगडाने फळी मोडायची, पिसाने फटीतून जायचं, पाण्याने उतारावरून पळायचं आणि दार उघडायचं.

एके दिवशी धांदरटाने घोळ घातला. पडता पडता दगडाचं पीस केलं, की रूप बदलायचं पण वजन दगडाचंच राहायचं. पीस धाडकन आदळलं.

"अरे, पीस कधी असं पडतं का? माझ्या वर्गातली पोरं काय म्हणतील मला!" ताई म्हणाली.

"थांब गं, दुरुस्त करतो."

"खबरदार हात लावलास तर!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "चूक तुझीच आहे, पण कामाची आहे."

शेवटची लेव्हल तिने एकटीने रचली. अरुंद फटीपलीकडे एक पारडं ठेवलं; फट ओलांडली की गोळ्याचं रूप बदलता येत नसे. दगड फटीतून जाईना, पाणी पारड्यावरून ओघळून जाई, पिसाने पारडं हलेना. जड पिसानेच ते खाली जाई आणि दार उघडे. दारामागे तिने धांदरटासाठी स्वतःच्या आवाजात एक वाक्य ठेवलं. "शेवट तू खेळूनच बघायचास," ती त्याला म्हणाली. तो म्हणाला, "बघतो गं, उद्या." तो उद्या काही आला नाही.

मुलांनी मला डोक्यावर घेतलं. त्या घोळाला त्यांनीच 'जडपीस' हे नाव दिलं. मग एका कंपनीने मला मागितलं. ताई नको म्हणाली, भाऊ हो म्हणाला आणि दोघांचं चांगलंच वाजलं.

"परक्यांच्या हातात देतोस याला?"

"तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही!"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

कंपनीतल्या साहेबांनी जडपीस पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पीस जड? काढून टाका ही चूक." धांदरटाने ती काढली, आणि तीही घाईतच. शेवटपर्यंत एकदा खेळून बघावं, हे ना त्याला सुचलं ना साहेबांना. शेवटचं दार कायमचं बंद झालं. मुलं चिडली, मला शिव्या देऊन निघून गेली. मग माझ्यात जाहिराती कोंबल्या, आणि त्याही चालेनात तेव्हा मला बंद करून टाकलं.

परवा चार्जर शोधताना धांदरटाला हा मोबाइल सापडला. तो मला पहिल्यांदाच शेवटपर्यंत खेळला. पीस फटीतून गेलं, पारड्यावर टेकलं, पण पारडं हललंच नाही. त्याने परत परत करून पाहिलं. स्वतःच काढून टाकलेलं वजन त्याला आठवलंच नाही.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "हे दार उघडतच नाही. ताईने मुद्दाम केलंय. मला तोंडावर पाडायला."

"अहो, ताईंना एक फोन करून विचारा तरी."

"कशाला? हसं करून घ्यायला?"

अरे गाढवा, असं ओरडावंसं वाटलं मला! पण ओरडायला मला तोंड कुठे आहे? त्याने मला परत खणात टाकलं.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, जपा, असलं काही मी मागत नाही. माझं जे व्हायचं ते झालं. पण कुणाची चूक खोडायला निघालात, तर तिच्या आधाराने काय उभं आहे ते आधी बघा. आणि एखादं दार उघडत नसेल, तर ज्याने ते केलं त्याला विचारा. विचारल्याने कुणी लहान होत नाही.

माझी बॅटरी आता संपत आली आहे. दारामागे ताईचं वाक्य अजून तसंच आहे, ज्याच्यासाठी ठेवलं त्याने कधीच न ऐकलेलं: "बघ धांदरटा, तुझ्याच चुकीने दार उघडलं! चल, आता जेवायला ये."