भरवलेला घास

मोनिकानं माझ्या पोरीचे कान भरले, हे मी आजही कुणापुढंही सांगेन. राजनंदिनी दहा वर्षांची. मोनिका आणि मी, नवरा-बायको, वेगळे झाल्यापासून ती आईकडे, राहुरीला. नगरच्या कोर्टात भेटीला आणली की भिंतीकडे तोंड करून बसायची. "या माणसाला जायला सांगा," म्हणायची. सख्ख्या बापाला!

म्हणून मी शिबिराचा हट्ट धरला. दुरावलेली पोरं बापाशी किंवा आईशी जोडून देणारं शिबिर सविता मॅडम नगरबाहेरच्या एका फार्महाऊसवर घेतात. चार दिवस मी आणि पोरगी. आईची भेट नाही, फोन नाही. मोनिकाच्या वकिलानं आकांडतांडव केलं. या उपचाराला शास्त्राचा आधार नाही, पोरं उलट धसका घेतात, म्हणाला. मला वाटलं, पैसे घेतलेत तर बोलणारच. कोर्टानं परवानगी दिली. मॅडमचा अहवाल चांगला आला, की पोरीचा ताबा मागायला माझी बाजू भक्कम होणार होती.

पहिल्या दिवशी राजनंदिनी जेवली नाही. मॅडम म्हणाल्या, "गळू पिकलंय, कानिफनाथराव. दाबल्याशिवाय निचरा होत नाही." मला पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं मम्मीला फोन करू द्या म्हणून हात जोडले. "पप्पांशी नीट वागलीस तर बघू," मॅडम म्हणाल्या. तेही मला पटलं. माझी पोरगी मला हवी होती, दुसरं काही सुचतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी मोबाईल स्टँडवर लावला. कोर्टाला दाखवायला व्हिडिओ हवा होता. राजनंदिनी मला घास भरवणार होती.

तिनं भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला आणि माझ्यासमोर आली.

"पप्पा, आ करा."

पप्पा! मी तोंड उघडलं. घास तोंडात आला आणि मग मला दिसलं, ती माझ्याकडे बघतच नव्हती. मॅडमकडे बघत होती.

"पप्पा मला खूप आवडतात. मम्मीनं मला खोटं सांगितलं होतं," ती एका दमात म्हणाली. "आता फोन देणार ना?"

तिच्या बोटांवरची डाळ माझ्या शर्टवर सांडली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "फोनचं नको बोलू. परत एकदा, हसून."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मॅडमची आली, त्याहून जास्त स्वतःची आली. मोनिकानं शिकवलेलं पोरगी बोलत होती, म्हणून मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आता आम्ही शिकवलेलं बोलत होती. घास गिळवेना. मी तो हातावर काढला, उठलो आणि मोनिकाला फोन लावला.

"काय करताय? मला अहवालात लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "पोरगी हातची जाईल तुमच्या."

"लिव्हा."

"अहो, एकच दिवस राहिलाय."

"लिव्हा म्हनलं ना!"

पलीकडून मोनिका ओरडलीच, "नंदू बरी हाय ना? काय केलं तुमी तिला?"

मी मोबाईल पोरीपुढं धरला. तिनं घेतला नाही. आधी मॅडमकडं बघितलं, मग माझ्याकडं. ही पण परीक्षाच आहे असं तिला वाटलं असणार. त्या नजरेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घे बाळा," मी म्हणालो. "कुणी शिकवलेलं काही म्हणायचं नाही आता."

तिनं मोबाईल हिसकावून कानाला लावला आणि हंबरडा फोडला. "मम्मी, मला ने. हा माणूस मला नको."

मॅडमचा मोबाईल स्टँडवर चालूच होता. मला तो बंद करता आला असता. मी केला नाही. माझी पोरगी माझ्यासमोर तोंड वासून, नाक गळेपर्यंत रडत होती, आणि तिला तसं रडायला कुणी शिकवलेलं नव्हतं.