कवटीवरचा नारळ

मी एक तसबीर बोलतेय. देवाची नाही, पुढाऱ्याची नाही, म्हणून तर माझे हाल झाले.

लातूरच्या शाळेतले चित्रकलेचे महादेवप्पा मास्तर माझे जन्मदाते. हॉलंडच्या जुन्या चित्रकारांची चित्रं त्यांनी एका मासिकात पाहिली होती. कवटी, विझलेली मेणबत्ती, अर्धवट सोललेलं लिंबू. सांगणं एकच: बाबा, मिरवू नको, सगळं चार दिवसांचं आहे. तेवढ्यात लातूरचा जिल्हा झाला, नवी कचेरी उघडली, आणि जो तो खुर्चीमागं धावू लागला. मास्तरांच्या मनानं घेतलं, असं चित्र तिथंच लागलं पाहिजे.

जवसाच्या तेलात रंग कालवून त्यांनी मला चार महिने रंगवलं. मेणबत्तीच्या जागी आपली समई घेतली, तीही विझलेलीच. प्रयोगशाळेतली प्लास्टरची कवटी घरी आणली, तर त्यांच्या बायको कमलम्मा म्हणाल्या, "देवघरापासून लांब ठिवा. अन् लिंबू रंगवून झालं की द्या इकडं, वरणात पिळते."

कचेरीतल्या साहेबांनी मला पाहून आठ्या घातल्या. "कवटी? नव्या जिल्ह्याला अपशकुन. तिथं नारळ काढा. समई पेटवा. लिंबू राहू द्या, दृष्ट लागत नाही."

मास्तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग शाळेतल्या पोरांचे पाण्याचे रंग घेतले, डिंक घातला, कवटीवर नारळ काढला आणि वातीवर ज्योत.

"अवो, हे तर ओल्या फडक्यानं जाईल की," कमलम्मा म्हणाल्या.

"जाऊ दे. कवा तरी कुणी पुसंलच."

मी साहेबांच्या डोक्यावर लागले. पण पुसतंय कोण? दुष्काळ पडला. प्यायला पाणी न्हाई, तिथं तसबीर कोण धुणार! टंचाईच्या बैठका मात्र माझ्याखाली रोज, चहासकट. तीन वर्षं मी तो नारळ मिरवला. लई शरम वाटायची. मास्तर काही निमित्त काढून येत, मला बघत आणि माघारी जात.

मग मंत्री येणार असं ठरलं. गावाला नाही, पण कचेरी धुवायला टँकर आला. शिपाई नरसिंगनं माझ्यावर ओलं फडकं फिरवलं. आधी शेंडी गेली, मग नारळ गेला. मंत्री आत शिरले ते थबकलेच. साहेबांच्या डोक्यावर कवटी दात काढून बसलेली.

मास्तरांना बोलावणं गेलं. "नारळ कुठं गेला?" साहेबांनी विचारलं.

"उद्घाटनाला फुटला, साहेब," मास्तर म्हणाले.

मला अडगळीत टाकलं. महिन्याभरात साहेबांची बदली झाली, पुढं त्यांची खुर्चीही पाय मोडून इथंच आली. आता आम्ही दोघी समोरासमोर असतो. मास्तरांना हवी होती तीच जागा मिळाली म्हणायची.

एकच मागणं आहे. नरसिंगचं फडकं समईपर्यंत पोचायच्या आत पाणी संपलं. ती खोटी ज्योत अजून जळतेच आहे. कुणाकडं घोटभर पाणी असलं, तर आधी तुम्ही प्या. उरलं, तर तेवढी पुसा.