मेणसगी सरांची लाल पेन्सिल

मेणसगी सर गेले आणि वर्षभरात त्यांच्या कागदांना पाय फुटू लागले. कुणी पत्रं मागून नेली, कुणी हस्तलिखितं 'पाहून देतो' म्हणून नेली आणि तो पाहतच राहिला. शेवटी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने उरलेलं सगळं ताब्यात घ्यायचं ठरवलं आणि यादी करायला फकीरप्पा नरेगलला धाडलं. सरांचं अक्षर लागणारा धारवाडात तोच एक उरला होता.

सरांनी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि कविता कन्नडमध्ये लिहिल्या. धारवाडात याचं कुणाला नवल नाही. इथे इंग्रजीचा प्राध्यापक कन्नडमध्ये लिहीत नसेल तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. सरांचा विद्यार्थी फकीरप्पाही त्याच वाटेने निघाला होता. बाविसाव्या वर्षी त्याने दहा कवितांची वही सरांच्या हातात ठेवली. लाजेपोटी वहीवर नावसुद्धा घातलं नव्हतं. प्रत एकच. सर म्हणाले, "वाचून सांगतो."

त्याला सव्वीस वर्षं झाली. सर कधी बोलले नाहीत, ह्याने कधी विचारलं नाही. दर रविवारी चारचौघांबरोबर हा त्यांच्या घरी जायचा, चुरमुऱ्यांचं गिरमिट खायचा, पावसापाण्याचं बोलायचा आणि आतल्या आत धुमसत परत यायचा. लिहिणं सुटलं. स्वतः इंग्रजीचा प्राध्यापक झाला, तेवढंच.

यादीचं काम त्याने पत्करलं ते त्या वहीसाठी. सरांनी ती उघडली तरी होती का, हे त्याला एकदाचं कळायला हवं होतं. वाचली नसेल तर उत्तमच. आयुष्यभर सरांच्या नावाने खडे फोडले ते वाया गेले नाहीत, असं तरी झालं असतं.

सर कच्चं लिखाण तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या पानांवर करायचे. त्यामुळे प्रत्येक कागद उलटून पाहावा लागे; एका बाजूला सरांची कविता, दुसऱ्या बाजूला कुण्या पोराने शोकांतिकेची केलेली दैना. चौथ्या दिवशी सुतळीने बांधलेल्या एका गठ्ठ्यातून वही निघाली.

फकीरप्पाने ती उघडली. पहिल्या कवितेखाली लाल पेन्सिलीत, गोल करून, दोन. दुसरीखाली तीन. तिसरीच्या समासात 'विषय सोडून लिहिले आहे'. मुखपृष्ठावर बेरीज एकतीस, पुढे अधिक चार, खाली पस्तीस. पास. बेरजेजवळ कागद खोडरबराने घासून घासून फाटला होता.

त्याची कानशिलं तापली. सरांच्या पत्नी नीलव्वा चहा घेऊन आल्या, तसा तो म्हणाला, "अव्वा, बघा सरांचे प्रताप! कवितांना मार्क दिलेत!"

नीलव्वांनी चष्मा लावला. "सापडली होय ही? अरे, परीक्षेचे गठ्ठे घरी आले होते, त्यात ही शिरली. वर नाव नाही, गाव नाही. दिवसाला पन्नास पेपर, इंग्रजी की कन्नड तेही न बघता हात आपला चालतोय. चार मार्क ग्रेस देऊन पोराला पास करून मोकळे! मग नंबर लिहायला बघतात तर नंबरच नाही. कपाळावर हात मारून घेतला."

"मग परत का नाही दिली?"

"कुठल्या तोंडाने देणार? खोडायला गेले तर कागद फाटला. म्हणाले, पोराची एकच प्रत, मी नासवली. पत्र लिहायला बसायचे, फाडून टाकायचे."

"कोण पोरगा, ते नाही सांगितलं?"

"म्हणाले, 'दर रविवारी येतो.' रविवारी दहाजण यायचे! कोण ते कळेना, म्हणून मी सगळ्यांनाच गिरमिट जास्त वाढायला लागले." त्या हसल्या. "त्यात आईची एक कविता आहे बघ. मला वाचून दाखवली होती. वाच की."

ती सातवी होती. तिच्याखाली नऊ मार्क होते, आणि शेजारी शाईने, सावकाश अक्षरात, 'पुन्हा वाचली'. फकीरप्पाने वाचायला सुरुवात केली. आई भाकरी थापतेय, दारात कुणी हाक मारतं आणि तिचे हात तसेच थांबतात, एवढीच आठ ओळींची गोष्ट.

नीलव्वांनी पदराने डोळे टिपले. "लिहीत असेल ना रे तो पुढे?"

"नाही अव्वा. सोडलं त्याने."

"का रे?"

ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे सव्वीस वर्षं तयार होतं. आज त्याने दुसरंच दिलं.

"आळशी असेल," तो म्हणाला.

मग त्याने यादीचं रजिस्टर पुढे ओढलं. 'कवितांची वही, एक.' शेजारी कवीच्या नावाचा रकाना होता. तिथे त्याने नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं: फकीरप्पा नरेगल.

नीलव्वांनी वाकून वाचलं. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे.

"मेल्या," त्या म्हणाल्या, "मग ते चार मार्क वाया घालवलेस की रे!"